घाट चढणारी टँक इंजिने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या वेगळ्या डब्यात, कोळसा-पाणी जास्त मावते. मग सुरुवातीच्या घाटमार्गांवर टँक इंजिने (कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारी) का पसंत केली गेली?

उत्तर : घाटात सर्वांत आधी कमी पडते ती चाकांची पकड. जोडचाकांवर (दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांवर) जेवढे वजन, त्याच्या साधारण सहाव्या भागाइतकीच ओढ दमट रुळावर भरवशाने मिळते. हिशेब मांडून पाहा. ३७ला १ चढावर (३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर; भोर घाटातला सर्वांत कठीण चढ एवढाच) दर टनामागे चढाचे २७ किलो आणि घर्षणाचे सुमारे ५, असे ३२ किलो ओढावे लागतात. ४० टनी टँक इंजिनाचे सगळे वजन जोडचाकांवर असेल, तर ओढ साधारण ६,६६० किलो मिळते. त्यात इंजिनासह २०८ टन चढतात, म्हणजे गाडी १६८ टनांची. आता ३० टनी इंजिन आणि २० टनी टेंडर घ्या. ओढ ५,००० किलो, एकूण १५६ टन, आणि गाडी उरते फक्त १०६ टनांची.

पण टाकीतले पाणी उतरते तशी पकडही उतरते. ३ टन पाणी खर्च झाले की गाडीचे १६८ टन १५६वर येतात. म्हणून घाटाचा भार ठरवताना माथ्याजवळ जेवढे पाणी उरेल तेवढेच धरावे. भरल्या टाकीवर हिशेब केला, तर गाडी पायथ्यावरून झोकात निघते आणि शेवटच्या टप्प्यात चाके जागच्या जागी फिरू लागतात.

प्रश्न : चढावर धुराडे नेहमी वरच्या बाजूला ठेवत, असे वाचले. हा केवळ रिवाज होता का?

उत्तर : रिवाज नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. बॉयलर तिरपा झाला तरी आतले पाणी आडवेच राहते. साडेचार मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये ३७ला १ चढावर दोन टोकांच्या पातळीत १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. धुराडे वर असले की पाणी मागे, फायरबॉक्सकडे (कोळसा जळतो त्या पेटीकडे) येते आणि त्याचे छत झाकलेले राहते. तेच इंजिन माथा ओलांडून तसेच पुढे उतरू लागले, तर फायरबॉक्सकडची पातळी काही क्षणांत तेवढेच १२ सेंटिमीटर खाली जाते. छतावर पाणीच दहा-बारा सेंटिमीटर असेल तर पत्रा उघडा पडतो, लाल होतो आणि वाफेच्या दाबाने खाली फुगतो. छतात बसवलेले शिशाचे बूच वितळून वाफ आगीत सुटते, ती याच वेळी. पण त्या बुचाच्या भरवशावर पाणी कमी ठेवणे साफ चुकीचे.

यावर उपाय दोन. छत मागच्या बाजूला थोडे उतरते करायचे, आणि घाटाचे इंजिन उतरताना वळवायचे नाही, उलटे चालवायचे. टँक इंजिन दोन्ही दिशांना सारखेच धावत असल्याने हे सहज जमते. चढावर मात्र पाणी भरमसाट ठेवू नये. ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि सिलिंडरचे झाकण फुटते. रिव्हर्सिंग स्टेशन (गाडी आत येऊन उलट्या दिशेने पुढचा चढ चढते असे स्थानक) असलेल्या घाटात पेच वाढतो. तिथे गाडीची दिशा उलटते, त्यामुळे इंजिन टर्नटेबलवर वळवले नाही तर धुराडे उताराकडे येते.

प्रश्न : खोगीर टाकीतले (बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारख्या बसवलेल्या टाकीतले) पाणी बॉयलरच्या उष्णतेने आयते तापते. हा फायदाच ना?

उत्तर : बॉयलरमध्ये पाणी पंपाने भरत असेपर्यंत फारसे बिघडत नव्हते. पण पंप चाके फिरली तरच चालतो. चढावर गाडी थांबली की बॉयलरला पाणी मिळत नाही. ती अडचण जिफार्डच्या इंजेक्टरने (वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाने, १८५८) सोडवली. मात्र इंजेक्टरला थंड पाणी लागते. त्यात वाफ पाण्यात विरून वेग निर्माण होतो; पाणी फार तापलेले असेल तर वाफ विरत नाही आणि इंजेक्टर पाणी सोडून देतो. म्हणून टाकी आणि बॉयलरमध्ये हवेची फट व आच्छादन हवेच.

प्रश्न : पकड हवी तर जोडचाके वाढवायची, यात अडचण कोणती?

उत्तर : वळणे. जोडचाकांची लांब, ताठ रांग वळणावर वळत नाही. १८५१च्या झेमेरिंग चाचणीत (ऑस्ट्रियातल्या घाटासाठी इंजिन निवडण्याची स्पर्धा, चढ ४०ला १) हाच पेच होता. विजेत्या ‘बव्हेरिया’ इंजिनाने टेंडरची चाकेही साखळ्यांनी जोडली होती, रोजच्या कामात साखळ्या टिकल्या नाहीत. पुढे एंगर्ट या अभियंत्याने फायरबॉक्सचा भार टेंडरच्या चौकटीवर टाकला आणि टेंडरची चाके दातेरी चक्रांनी जोडली. चक्रे लवकरच काढून टाकावी लागली. ‘व्हीनर नॉयश्टाट’ आणि ‘सेरँग’ ही इंजिने त्या चाचणीत हरली, पण दोन चालत्या बोगींची (इंजिनाखाली स्वतंत्र वळणाऱ्या, वाफेवर फिरणाऱ्या चाकांच्या चौकटींची) त्यांची कल्पना टिकली. रॉबर्ट फेअर्लीने ती १८६४मध्ये पेटंट केली. त्यातला कच्चा दुवा म्हणजे बोगीकडे वाफ नेणारा लवचिक सांधा. तो गळला की ओढ जाते आणि समोरचे दिसेनासे होते. इटलीतल्या जिओव्ही घाटात (२८.५ला १) सोपी वाट काढली गेली : दोन छोटी खोगीर टँक इंजिने पाठीला पाठ लावून जोडली.

प्रश्न : उतरताना दिशा बदलण्याचा लिव्हर उलटा टाकून गाडी आवरता येत नाही का?

उत्तर : येते, पण सिलिंडर मग पंपासारखे चालतात आणि धुराड्याखालचा गरम धूर व राख आत ओढतात. तेल जळते, सिलिंडरवर ओरखडे पडतात. ल शातेलिए या फ्रेंच अभियंत्याच्या पद्धतीत एक्झॉस्ट पाइपमध्ये (वापरलेली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीत) बॉयलरचे गरम पाणी थोडे थोडे सोडतात. राखेऐवजी त्याची वाफ आत जाते. या पाण्याची झडप उतार सुरू होण्याआधी उघडावी आणि धुराड्यातून फिकट वाफेचा धागा दिसेल इतकीच ठेवावी. तो दिसत नसेल तर पाणी कमी पडते आहे.