प्लवक, नेक्टन आणि न्हाणं

प्रश्न: ‘अरबी समुद्रातले प्लवक खेकडे हे कुप्याचे खाद्य आहे’ असे वाक्य वाचले. संस्कृतात ‘प्लु’ म्हणजे पोहणे. मग पोहणाऱ्या खेकड्याला प्लवक म्हणणे बरोबरच ना?

उत्तर: नाही. आणि ‘प्लु’वरून प्लवकाचा अर्थ काढण्याची ही सवय आता खरोखर चीड आणते. शास्त्रात प्लवक म्हणजे प्रवाह नेईल तिकडे जाणारा जीव. त्याने अंग हलवलं तरी प्रवाहापुढे त्याचं काही चालत नाही. तुमच्या वाक्यातला खेकडा बहुधा कॅरिब्डिस स्मिथाय, ही पोहणाऱ्या खेकड्यांची एक जात. त्याच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, म्हणून तो स्वतःच्या बळावर पोहतो. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, पश्चिम हिंदी महासागरात त्याच्या झुंडी रात्री वरच्या पाण्यात येतात, कंदील मासे (अंगातून प्रकाश देणारे छोटे मासे) मारून खातात आणि स्वतः कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, पोटात जातात. लँसेटफिश या शिकारी माशाच्या पोटातही हे खेकडे सापडतात. खोल पाण्यातल्या चिमुकल्या माशांमधलं अन्न वरच्या बड्या शिकाऱ्यांपर्यंत पोचवणारा हा दुवा आहे. त्याला वाहून जाणाऱ्यांत बसवलं की त्याचं हे कामच दिसेनासं होतं.

ध्वनिसाम्याचा भ्रम तर याहून वाईट. प्लवकाला इंग्रजीत प्लँक्टन म्हणतात, तर ‘प्लँक्टन आपल्या प्लवकावरून आलं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. प्लँक्टन ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेनने 1887 मध्ये घडवली, ती ग्रीक ‘प्लांक्तोस’वरून. त्याचा अर्थ भरकटलेला, भटका. त्या धातूच्या मुळाशी फटका मारणं, वाटेवरून हुसकणं आहे. ‘प्लु’चं कूळ वेगळं. ‘प्लु’चे खरे ग्रीक भाऊबंद शोधायचे तर ‘प्लेओ’, जहाजाने जाणे, इथे शोधा. शिवाय ‘प्लु’मध्ये उडी मारणंही येतं, म्हणून अमरकोशात वानराला प्लवग म्हटलंय. उडी घेणाऱ्या धातूतून असहाय वाहणाऱ्यांचं नाव घडलं. शब्द रुळलाय, वापरावा, पण त्याच्या धातूवरून शास्त्र शिकू नये.

आता खरी मौज. स्वतःच्या बळावर पोहणाऱ्या जीवांसाठी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1890 मध्ये ‘नेक्टन’ शब्द आणला, ग्रीक ‘नेखो’ म्हणजे पोहणे यावरून. त्याचं मूळ संस्कृत ‘स्ना’चं सख्खं भावंड! लॅटिन ‘नारे’ म्हणजे पोहणे, तेही त्याच घरातलं. ग्रीकांनी आरंभीचा ‘स’ टाकला, आणि आपण ‘स्नान’चं न्हाणं करताना त्याच ‘स’चा ‘ह’ करून तो ‘न’च्या मागे हलवला. म्हणजे न्हाणीघर, स्नातक आणि भर समुद्रात कंदील माशामागे धावणारा तो खेकडा, सगळे एका धातूची लेकरं. मला तर वाटतं, मुळात ‘स्ना’ म्हणजे नुसतं अंग धुणं नसावंच. पाण्यात शिरून हातपाय मारणं हाच जुना अर्थ असावा. नदीवर न्हाणाऱ्या समाजात पोहणं आणि न्हाणं वेगळं कोण करणार? हे दोन अर्थ दोन खणांत ठेवणं मला पटत नाही.

नेक्टनसाठी हिंदीतला ‘तरणक’ उचलावा, असं कुणी सुचवेल. मराठीत लाकूड तरतं, माणूस पोहतो. ‘तरणक’ म्हटलं की पुन्हा तरंगणंच मनात येणार, म्हणजे ज्या चुकीतून निघालो तिथेच परत. त्यापेक्षा नेक्टन तसाच ठेवा, नाहीतर सरळ ‘पोहणारे जीव’ म्हणा.

एक मात्र खरं: याच खेकड्याच्या अंड्यातून बाहेर पडलेली झोईया अळी पक्की प्लवक असते. तेव्हा ‘प्लवक खेकडे’ हे शब्द अळ्यांविषयी चालतील. कुप्याच्या पोटातल्या प्रौढ खेकड्याविषयी चालणार नाहीत.