सोलापुरातली तेलुगू-कन्नड नावं नीट कशी उच्चारायची?

तुम्ही लिहिलंय, नागपूरहून बदली होऊन सोलापुरात बँकेच्या काउंटरवर बसताय आणि नाव पुकारलं तरी समोरचा माणूस उठत नाही. मी इथलाच, पूर्व भागातला. घरात मराठी, शेजारी तेलुगू, गल्लीच्या टोकाला कन्नड, अशात वाढलो. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी जोडाक्षर सांभाळा. इथल्या नावांचा जीव तिथेच असतो. मल्लप्पा धनशेट्टी हे नाव घ्या. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं, त्यांतले हे एक. या नावात ल्ल, प्प आणि ट्ट अशा तीन ठिकाणी आवाज क्षणभर अडवून मग सोडायचा असतो. घाईत त्याचं 'मलपा धनशेटी' होतं, आणि ते ऐकताना मला खरंच वाईट वाटतं. नरसय्या, लिंगव्वा, बोल्ली, यांचंही तसंच. तेलुगू आणि कन्नडमध्ये एकेरी आणि दुहेरी व्यंजनानं अर्थ बदलतो, त्यामुळे ते कान तिथे पक्के असतात. तुम्हालाही हे अवघड नाही, कारण मराठीत आपण मका आणि मक्का कधी एक करत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत जाऊन उभे राहा. नंदीध्वजांच्या मागून 'हर्र'चा गजर येतो, त्यातला तो दुहेरी र ऐका. पुढे जो बाजार भरतो त्याला गड्डा म्हणतात. गडा कुणी म्हणत नाही. खुद्द शहराला कन्नड माणूस सोल्लापूर म्हणतो.

दुसरी अडचण तुमच्या संगणकाची आहे. नावं इंग्रजी अक्षरांत असतात आणि त्यात ळ-ल, ण-न, ट-त सगळे एकाच अक्षरात जातात. मग वळसंगचं वलसंग होतं आणि तोळणूरचं तोलनूर. कन्नडमध्ये बेले म्हणजे किंमत आणि बेळे म्हणजे पीक. तालुक्यातून पीककर्जाला आलेल्या माणसासमोर हा फरक सांभाळलेला बरा. पडद्यावरून वाचू नका. पासबुकावर किंवा आधारकार्डावर देवनागरीत नाव असेल तर ते बघा.

तरीही देवनागरीत एक गोष्ट उतरत नाही. तेलुगू-कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. कन्नडमध्ये 'कोडु'तला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे शेट्टीतला शे लांबवू नका, तो चटकन सोडा. बाकी ठिकाणी ऐकण्यावाचून इलाज नाही.

च-जची काळजी मात्र सोडा. चमच्यातला दंत्य च तेलुगूतही आहे. कन्नड मंडळी तोच च तालव्य, म्हणजे चहातल्यासारखा, म्हणतील, ते त्यांच्या भाषेला धरून आहे. सुधारायला जाऊ नका.

रोजच्या कामासाठी माझा सल्ला असा: पहिल्यांदा आलेल्या माणसाला सरळ विचारा, 'अण्णा, आपलं नाव एकदा म्हणून दाखवता का?' बाई असतील तर अक्का म्हणा. मग त्यांच्यासमोरच एकदा म्हणा आणि कानाला जसं आलं तसं वहीत लिहून ठेवा. इथे कुणाला याचा राग येत नाही. उलट पुढच्या वेळी तो तुमच्याच खिडकीशी येतो.

एक मात्र लक्षात असू द्या. पूर्व भागात एकाच घरात आजोबा आडनाव तेलुगू वळणानं घेतात आणि मराठी शाळेत शिकलेला नातू तेच एकेरी, मराठी वळणानं. दोघं एकत्र खातं उघडायला आले, तर आजोबांना आजोबांसारखं पुकारा, नातवाला नातवासारखं.