घाट चढताना प्लायमाउथ उकळते

प्रश्न : आजोबांची १९५० ची प्लायमाउथ आम्ही पुन्हा रस्त्यावर आणली. शहरात छान चालते, पण कसाऱ्याहून घाट चढताना दोनदा पाणी उकळलं. रेडिएटर साफ केला, फॅनबेल्ट बदलला, थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. आता गॅरेजवाले म्हणतात, डिझेल इंजिन बसवा. काय करावं?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : डिझेल इंजिन बसवू नका, हे आधी हात जोडून सांगतो. तुमच्या गाडीतलं सहा सिलिंडरचं इंजिन साधं आणि भारी चिवट आहे. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात नसतात, खाली ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडरं असलेल्या धडात असतात. त्यांच्यापर्यंत गार पाणी नेण्यासाठी ब्लॉकच्या आत, पुढून मागपर्यंत, पातळ पत्र्याची एक चपटी नळी घातलेली असते. तिला जागोजागी भोकं असतात. ही नळी गंजली की सगळं पाणी पुढेच सांडतं आणि मागची सिलिंडरं, पाचवं-सहावं, तापत राहतात. सपाटीवर चालून जातं. चढावर इंजिनाला जोर लागला की उकळतं.

मी गॅरेजात उमेदवारी करत होतो तेव्हा अशीच एक प्लायमाउथ आमच्याकडे होती. आम्ही दोनदा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पट्टी) बदललं, फरक शून्य. शेवटी उस्तादांनी वॉटर पंप खोलला आणि आत तारेचा आकडा घालून नळी ओढली. हातात आला नुसता तपकिरी भुगा. त्यानंतर ती गाडी घाट न थांबता चढली.

तुम्हीही तेच करा. रेडिएटर उतरवा, पंप काढा, नळी हळूहळू ओढा. अर्धा दिवस लागला तरी हातोडी मारू नका. नळी निघाली की ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढून आतला गाळ धुवा. सत्तर वर्षांचा चिखल निघेल. थर्मोस्टॅट परत बसवा, आजाराचं मूळ तो नव्हता. बॅटरी जोडताना जपा : ही गाडी सहा व्होल्टची आहे आणि बॉडीला प्लस जातो, मायनस नव्हे. आणि डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, नेहमीच्या दिशेनं जोर लावून ते मोडू नका.

नवी नळी पितळेची करून घ्या. आपल्या नाशकात पितळेचं काम जाणणारे कारागीर आहेत. मात्र जुन्या नळीचे तुकडे टाकू नका, भोकांची मापं त्यांच्यावरूनच घ्यायची आहेत.