गुडघ्यातली चंद्रकोर आणि तिची ‘शिंगं’

प्रश्न: आईचा (वय 58) गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमधे ‘मेडियल मेनिस्कस, पोस्टेरिअर हॉर्न, ग्रेड 2 सिग्नल’ असं आलंय. हॉर्न म्हणजे शिंग ना? ऑपरेशन लागेल का? आई जाम घाबरलीय.

उत्तर: आईंना आधी सांगा की शिंगबिंग काही फुटलेलं नाहीये. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मधे दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला (हीच मेडियल) एक बाहेरच्या, त्यांनाच मेनिस्कस म्हणतात. वरून बघितलं तर चंद्रकोर, आणि कोरीची टोकं म्हणजे हॉर्न, पुढचं अँटेरिअर, मागचं पोस्टेरिअर, बास. बाहेरची गादी जवळजवळ गोल होत आलेली असते, आतली मात्र खरी कोर, आणि ती शेजारच्या लिगामेंटला (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याला) चिकटलेली असल्यामुळे फारशी सरकत नाही म्हणून दुखापत जास्त करून तिलाच होते, त्यात उकिडवं बसलं की दाब मागच्या टोकावर येतो.

ग्रेड 2 म्हणजे गादीच्या आत बदल दिसतोय पण तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही, थोडक्यात फाटलेली नाहीये. पृष्ठभागापर्यंत गेला की ग्रेड 3. पन्नाशीनंतर असले बदल गुडघा अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमधेही सर्रास सापडतात, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशन ठरत नाही (रिपोर्ट गूगल करणं तर आधी बंद करा!). फिजिओकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, जमिनीवर बसणं काही दिवस टाळा. गुडघा मधेच अडकला, सरळच होईना, तर मात्र लगेच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

पूर्वी फाटलेली गादी अख्खी काढून टाकायचे. 1948 मधे फेअरबँक या सर्जननी अशा गुडघ्यांच्या एक्सरेत दिसणारे झिजेचे बदल मांडले, म्हणून आता जमेल तेवढी वाचवतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो तिथे टाके घालून भरून येऊ शकते, आतल्या पातळ कडेला तो नसतो.

प्रश्न: माझ्या करंगळीच्या नखावर पांढरा अर्धचंद्र नाही. रक्त कमी आहे का?

उत्तर: व्हॉट्सअॅपवर वाचलंत ना? त्या अर्धचंद्राला लुन्युला म्हणतात, नख जिथे तयार होतं त्या मुळाचा तो बाहेर दिसणारा भाग. अंगठ्यावर ठळक असतो, करंगळीवर बहुतेक वेळा कातडीखाली झाकलेला. त्यावरून हिमोग्लोबिन कळत नाही, थकवा किंवा धाप लागत असेल तर सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) करून घ्या.