पंचेचाळिशीत मेटाबॉलिझम मंदावत नाही, रात्रीचं जेवण परत सुरू करा

तुम्ही लिहिलंय की वय 46, पोट सुटायला लागलं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं, तीन महिन्यांत 5 किलो उतरले पण आता जिना चढताना मांड्या थरथरतात, हा वयाने मंदावलेला मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळायचा वेग, का? मला नाही वाटत. बहुतेक त्या 5 किलोत चरबीबरोबर स्नायूही गेलेत.

2021 साली हर्मन पाँट्झर या संशोधकाने आणि मंडळींनी 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांची मोजणी छापली, 8 दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या माणसापर्यंत, खास पाणी पाजून लघवीवरून दिवसाला किती ऊर्जा जळते ते काढलेलं. शरीराचा आकार आणि स्नायू हिशोबात धरले तर 20 ते 60 पर्यंत आकडा जवळपास सपाट! साठीनंतर उतरतो, तोही वर्षाला साधारण 0.7 टक्के.

मग पोट का सुटतं, तर बसणं वाढतं, झोप कमी होते, बायकांमध्ये पाळी जाताना चरबी पोटाकडे सरकते, आणि स्नायू तिशी-चाळिशीनंतर हळूहळू घटतात, न वापरले तर भराभर. स्नायू बसल्या जागी फार कॅलरी जाळत नाहीत, किलोला दिवसाला 13 च्या आसपास, पण जेवणानंतरची रक्तातली साखर मुख्यतः तेच उचलून घेतात म्हणून मला त्यांची एवढी काळजी. वयस्कर स्नायू प्रोटीनला लवकर दादही देत नाहीत, तरुणाला एका जेवणात जेवढं पुरतं त्यापेक्षा जास्त लागतं, त्यामुळे वय वाढलं की कमी खायचं हा सल्ला प्रोटीनला लावू नका. निरोगी वयस्करांना वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात, आणि ते तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्यायचं.

माझी आई 78 व्या वर्षी आजारपणात तीन आठवडे अंथरुणाला होती, त्यानंतर खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायची, दोनदा पुढे-मागे झोके घ्यायची आणि तिसऱ्यांदा कशीबशी उभी राहायची. मीही तेव्हा वय म्हणून सोडून दिलं होतं. फिजिओथेरपिस्टने रोज उठ-बस करायला लावली, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून मग उशी काढून, आणि साधारण अडीच महिन्यांनी ती हात छातीवर घेऊन उठली, तेव्हा मला रडू आलं खरंच. 1990 मध्ये तर नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या लोकांना 8 आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम दिला होता, ताकद सरासरी अडीच पटीच्या वर गेली, तुम्ही तर 46 चे आहात!

चालणं चांगलंच पण तेवढ्याने मांड्या भरणार नाहीत, आठवड्यातून दोनदा तरी वजनाचा व्यायाम हवा, शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि थरथरण्याबरोबर दम लागत असेल किंवा छातीत जड वाटत असेल तर व्यायाम नंतर, आधी तपासून घ्या.