लाल ठिपका: पहिल्या महिन्यात एवढंच

रत्नागिरीत एअर रायफल शिकायला लागलास, फार बरं वाटलं. आधी शिस्त: नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

तुझ्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायला रायफलवर बसवलेल्या काचेत, लाल ठिपका दिसतो. नवीन पोरं हमखास त्या ठिपक्याकडेच टक लावून बघतात. तसं नको. दोन्ही डोळे उघडे ठेव, नजर लक्ष्यावर. ठिपका आपसूक तिथे येऊन बसतो. त्याचा उजेड कमी कर. ३ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर जवळपास ९ मिलिमीटर जागा झाकतो, उजेड वाढवलास की आणखी फुगलेला दिसतो.

गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकव. एवढ्या कमी अंतरावर ठिपका काचेच्या कडेला गेला की नेम चुकतो. ठिपका थरथरणारच, घाबरू नकोस. नेमका मध्ये आला म्हणून ट्रिगर झटक्यात ओढलास तर छर्रा भलतीकडे. हळूहळू दाबत जा.

५ छर्रे मारून झाल्याशिवाय साइटचा नेम जुळवायच्या स्क्रूला हात लावू नकोस.

आणि आपली खारी हवा! एसीतून बाहेर आलास की काच धुरकटते. थोडा वेळ थांब, शर्टाने पुसू नकोस. घरी गेलास की नळी नि स्क्रू तेलाच्या फडक्याने पूस. साइट बंद केलीस ना, तेही बघ.