कादंबरीतली सगळी पात्रं एकसारखीच बोलतात, काय करावं?

आधी त्यांच्या हातात काम द्या, बोलणं नंतर. तुम्ही लिहिलंय की पहिलीच कादंबरी आहे, सव्वाशे पानं झालीत आणि आता वाचताना म्हातारी, पोरगा, मालक सगळे तुमच्यासारखेच बोलतायत असं वाटतंय. मला वाटतं आपण पात्रांना समोरासमोर नुसतं बसवतो, दोघंही रिकामे, आणि मग त्यांच्या तोंडून लेखकच बोलायला लागतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. इथल्या पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू विणकर समाजाच्या घरांत माणूस यंत्रमागावर आणि बाई विड्या वळणार हे पिढ्यानपिढ्या बघतोय, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी. माझ्या कादंबरीतली बाई विडी कामगार, तिचे संवाद काही केल्या जमेनात म्हणून शेजारच्या एका मावशी विड्या वळत असल्या की मी तिथं जाऊन बसायला लागलो. मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, की पुढचं पान. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, आणि कारखान्यात माल दिला की तिथं छाट काढतात, म्हणजे नापास झालेल्या विड्या, ती मेहनत गेलीच. हे बघितलं आणि कळलं की माझी बाई बोलताना मान वर करणारच नाही, लेकीच्या लग्नाचं बोलेल तेपण सुपात बघत, आणि दोरा तुटला की वाक्य तिथंच सोडून देईल. तिचा नवरा दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा, त्यामुळं घरी आला तरी मोठ्यानंच बोलणार, तेही दोन-तीन शब्दांत. आता या दोघांचं भांडण लिहायला घेतलं तर आवाज आपोआप वेगळे येतात हो, मला हे अजून पण फार भारी वाटतं! नुसते बोलीतले शब्द पेरून ते येत नाही.

बाकी रोज लिहायचं की मूड आल्यावर, त्याचं फार मनावर घेऊ नका, नोकरी सांभाळून जेवढं होतं तेवढं करा. आणि सव्वाशे पानं प्लीज फाडू नका. त्यातला सगळ्यात नकली वाटणारा एक प्रसंग काढा, त्यातली माणसं पोटासाठी काय करतात ते जाऊन नीट बघून या, आणि तो प्रसंग त्यांच्या कामाच्या वेळेत घडवून नव्यानं लिहा. लिहिताना जुने संवाद समोर ठेवू नका, त्यातले बरेचसे लागणारच नाहीत.